सागवानी टीपॉय : फळी निवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

टीपॉयवर वजन असे फारसे पडत नाही. चहाचे कप, वर्तमानपत्र आणि फार तर कुणाचे तरी पाय, एवढाच त्याचा भार असतो. तरीही दोन-तीन पावसाळ्यांत चांगल्या लाकडाच्या टीपॉयचा वरचा भाग मधोमध चिरतो किंवा त्याला बाक येतो. दोष बहुधा लाकडाचा नसतो. वरचा भाग, म्हणजे टॉप, खालच्या चौकटीला फेविकॉल लावून किंवा सरळ स्क्रू मारून पक्का जखडलेला असतो आणि ओलाव्याबरोबर फुगण्या-आकसण्याला त्याला जागाच उरलेली नसते. पुढे दिलेली सगळी रचना ही एक गोष्ट ध्यानात ठेवून केली आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. ते हलते रुंदीत. २२ इंच रुंदीच्या सागवानी टॉपमधला ओलावा पाच टक्क्यांनी बदलला, तर ती रुंदी साधारण दीड सुताने बदलते (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). परदेशात राहून ओकमध्ये हाच टीपॉय करू पाहणाऱ्यांनी व्हाइट ओकसाठी हा आकडा दुप्पट, म्हणजे तीन सूत धरावा. शिवाय ओकमध्ये टॅनिन भरपूर असल्याने ओलसर लाकडाला लोखंड लागताच निळसर-काळे डाग उमटतात, म्हणून तिथे स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. या दोन सूचना सोडल्या, तर कृती तीच आहे.

आता माप. टॉप ४२ इंच लांब, २२ इंच रुंद आणि रंधा मारल्यावर सात सूत जाड ठेवावा. एकूण उंची १६ इंच पुरते; सोफ्याच्या बैठकीपेक्षा टीपॉय एक-दोन इंचांनी खाली असला, म्हणजे कप उचलताना हात अवघडत नाही. पाय पावणेदोन इंच चौरस आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या तीन इंच रुंद व सात सूत जाड असाव्यात.

वखारीत भाव घनफुटावर चालतो. जाडी इंचात, रुंदी इंचात आणि लांबी फुटांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा व त्याला १४४ने भागावे, म्हणजे घनफूट मिळतात. सव्वा इंच जाड, सहा इंच रुंद आणि चार फूट लांब फळी या हिशेबाने सुमारे ०.२१ घनफुटाची होते, आणि टॉपसाठी अशा चार फळ्या लागतात. पाय, पट्ट्या आणि वाया जाणारे लाकूड धरून एकंदर दीड घनफूट सागवान घ्यावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले, बल्लारशाहच्या आगारातून येणारे सागवान बाजारात ‘सीपी’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे जुना मध्य प्रांत) म्हणून ओळखले जाते आणि त्याचा भावही तसाच असतो. घाना, नायजेरिया किंवा इक्वेडोरहून येणारे लागवडीचे सागवान स्वस्त पडते. मात्र कमी वयाच्या झाडांत बाहेरचे पांढरे लाकूड जास्त असते, आणि वाळवी व भुंगे आधी त्याच भागाला लागतात. फळी विकत घेताना तिच्या टोकाकडे पाहावे. गाभ्याचा सोनेरी-तपकिरी रंग आणि कडेचा फिकट पट्टा तिथे लगेच वेगळा दिसतो, आणि हा पट्टा कापून टाकल्यावर किती रुंदी उरते ते डोळ्यांनीच मोजता येते. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान मिळाले, तर ते अवश्य घ्यावे, कारण ते पूर्ण सुकलेले असते. फक्त रंधा लावण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावे, कारण जुना खिळा आत मोडून राहिला असेल, तर रंध्याच्या पात्याचा निकाल लागतो.

फळ्या घरी आणल्यावर त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या घालून, हवा खेळती राहील अशा रीतीने त्या तीन-चार आठवडे खोलीतच रचून ठेवाव्यात. ओलावा मोजायचे यंत्र मिळाले, तर आकडा १० ते १२ टक्क्यांच्या आसपास आला की काम सुरू करावे.

टॉपच्या चार फळ्या जोडताना आधी त्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडून रेषा कशा जुळतात ते पाहावे, आणि मनासारखा क्रम लागला की सगळ्यांवर मिळून खडूने एक मोठा त्रिकोण काढावा, म्हणजे पुढे उलटापालट होत नाही. प्रत्येक जोडाच्या कडा लांब रंध्याने तासून एकीवर एक उभ्या धराव्यात व मागे दिवा ठेवावा. उजेडाची रेघ फक्त मध्यभागी, केसाइतकी दिसली, तर चालते, कारण शिकंजा (क्लॅम्प) आवळल्यावर ती मिटते. टोकांना उजेड दिसला, तर पुन्हा रंधा मारावा. सागवानात नैसर्गिक तेल असते आणि ते फेविकॉलला नीट धरू देत नाही; म्हणून कडा तासल्याबरोबर त्या थिनरच्या फडक्याने पुसाव्यात, कोरड्या झाल्या की लगेच जोडाव्यात, तासलेल्या कडा दुसऱ्या दिवसावर ठेवू नयेत. शिकंजे एक वरून, एक खालून असे आळीपाळीने लावावेत. जोडातून फेविकॉलचे बारीक थेंब सलग बाहेर आले की दाब पुरेसा झाला. त्यापुढे आवळल्यास चिकटायचे द्रव्यच बाहेर पिळले जाते. रात्रभर हात लावू नये.

चौकटीसाठी कुसू (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ) आणि ते बसायला पायात खाच, हाच सांधा करावा. नुसत्या स्क्रूवर उभे केलेले पाय वर्षभरात हलू लागतात. कुसवाची जाडी तीन सूत, लांबी एक इंच ठेवावी. त्याहून लांब केल्यास शेजारच्या दोन खाचा पायाच्या आत एकमेकींना मिळतात आणि कुसवांची टोके ४५ अंशांत कापावी लागतात. आधी खाच करावी आणि मग तिच्या मापाने कुसू तासावे, कारण कुसू पातळ करणे सोपे, खाच अरुंद करणे अशक्य. कुसू हाताच्या दाबाने आत गेले पाहिजे. हातोडा मारावा लागला, तर ते घट्ट आहे, आणि पाय उलटा धरल्यावर गळून पडले, तर सैल आहे. सांधे चिकटवल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत फरक आला, तर फेविकॉल सुकण्याआधी लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा लावून चौकट काटकोनात आणावी.

टॉप चौकटीवर बसवायला लाकडाचे छोटे गुटके करावेत. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून चार सूत खाली, साडेतीन सूत खोल खाच पाडावी (ही खाच अर्थातच सांधे चिकटवण्याआधी करून ठेवायची असते) आणि गुटक्याला तीन सूत लांबीची जीभ ठेवावी. जिभेच्या वरचे लाकूड साडेतीन सूतच कापावे. त्या अर्ध्या सुताच्या फरकामुळेच स्क्रू आवळल्यावर टॉप खाली ओढला जातो. सव्वा इंची स्क्रू गुटक्यातून टॉपमध्ये जातो, पट्टीत नव्हे. लांब पट्ट्यांवर तीन-तीन आणि आखूड पट्ट्यांच्या मध्यावर एक-एक गुटका पुरतो. काम एप्रिल-मेमध्ये चालले असेल, तर टॉप पुढे फुगणार आहे. म्हणून लांब पट्टी आणि गुटक्याचा खांदा (जीभ जिथून निघते ती कड) यांच्यात एक सूत फट सोडावी. भर पावसाळ्यात बसवत असाल, तर टॉप आधीच फुगलेला असतो, तेव्हा खांदा पट्टीला जवळजवळ टेकवावा, म्हणजे उन्हाळ्यात टॉप आकसला तरी जीभ खाचेतून निसटत नाही.

पॉलिश पेपर ८०, १२०, १८० आणि २२० अशा क्रमाने, नेहमी रेषांच्या दिशेनेच घासावा. मधला एखादा नंबर गाळला, तर आधीचे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. खोलीत अंधार करून टॉर्च टॉपला समांतर धरला, की राहिलेला प्रत्येक ओरखडा सापडतो. सागवानाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते, मास्क लावावा.

पॉलिशच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. लाखेचे पॉलिश कपाटावर देखणे दिसते, पण गरम कप ठेवला की त्यावर पांढरे वर्तुळ उठते, म्हणून टीपॉयच्या टॉपला ते शेवटचा थर म्हणून देऊ नये. मात्र तळाचा थर म्हणून तिचा मोठा उपयोग आहे. मेणविरहित लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा एक पातळ हात दिला, की सागवानाचे तेल आत अडते आणि वरचे व्हार्निश वेळेवर सुकते. साधी, मेण असलेली लाख वापरल्यास पॉलियुरेथेन धरत नाही. त्यावर तेलावर आधारित पॉलियुरेथेन व्हार्निशचे चार-पाच पातळ हात सुती फडक्याने द्यावेत, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा आणि ३२० नंबरच्या पेपरने हलके घासून धूळ पुसावी. टॉपच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्यावेत, नाहीतर एक बाजू ओलावा लवकर घेते, दुसरी उशिरा, आणि टॉपला बाक येतो. दमट दिवशी लाखेवर पांढुरकी झाक येते, म्हणून हे काम जमेल तोवर पावसाळा उलटल्यावर काढावे. वापरलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती पाण्यात भिजवावीत किंवा बाहेर एकेक पसरून वाळवावीत.

शेवटचा हात दिल्यानंतर व्हार्निश वरून एका दिवसात सुकलेले वाटते, पण ते पुरते कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर टीपॉयवर टेबलक्लॉथ घालू नये आणि चहाचे गरम पातेले तर मुळीच ठेवू नये.