मूल उशिरा बोलतंय, मागे पडतंय? कुठे जायचं, काय मागायचं

आमचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी "आई" म्हणाला नव्हता. "याचा काकाही उशिराच बोलला," असं घरात सगळे म्हणायचे आणि त्या भरवशावर आम्ही आठ महिने घालवले. ते मला अजून सलतं. म्हणून सांगते, दीड वर्षाचं मूल चालत नसेल, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल किंवा हाकेला वळून बघत नसेल, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

जाण्याआधी एक वही घाला. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात आणि नुसतं "बोलत नाही" म्हटलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. माझ्या वहीत होतं : "१२ जून. शेजारी मिक्सर लावला, दचकला नाही. बेल वाजली, वळला नाही." एवढं वाचून डॉक्टरांनी आधी कान तपासायला सांगितले. बोलण्यात उशीर असेल तर श्रवणचाचणी सर्वांत आधी व्हायला हवी. त्यातली बेरा ही कानाची चाचणी लहान मूल झोपलेलं असताना करतात. त्या दिवशी त्याला पहाटे उठवा आणि रिक्षात झोपू देऊ नका, नाहीतर तारीख पुढे जाते. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवण-वाचा संस्थेत ही तपासणी होते. आमच्या मुलाचे कान ठीक निघाले, प्रश्न वेगळा होता. पण ही शंका फिटल्याशिवाय पुढचे उपचार ठरत नाहीत.

खासगी थेरपी परवडत नसेल तर अंगणवाडीताईंना गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ते मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. हे केंद्र बहुधा जिल्हा रुग्णालयात असतं. फिजिओथेरपी, वाचा-उपचार आणि मानसशास्त्रज्ञ एकाच ठिकाणी मिळावेत म्हणून ते आहे. मात्र कोण कोणत्या वारी बसतं हे विचारूनच घरून निघा.

मग दिव्यांग प्रमाणपत्र. "शिक्का बसेल" म्हणून पुष्कळ आईबाप ते टाळतात. माझ्या मते घ्यावंच. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (वेबसाइटवर) अर्ज करायचा आणि नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी करून घ्यायची. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर सहसा ठरावीक मुदतीचंच प्रमाणपत्र मिळतं, पुढे पुन्हा तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर २०१६च्या कायद्यानुसार ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड आपली. शिक्षणहक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठीही अशा मुलांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. थेरपी मात्र या कागदासाठी एक दिवसही अडवू नका.

शाळेत प्रवेश मागताना अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्क्याची पोच घ्या. एका मुख्याध्यापकांनी मला तोंडी सांगितलं, "आमच्याकडे सोय नाही." मी म्हटलं, "सर, एवढंच लेखी द्याल का?" त्यांनी लेखी दिलं नाही, अर्ज मात्र ठेवून घेतला. तरीही अडलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकांची चौकशी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात करा. मुलाला शाळेत जाणं अशक्यच असेल तर घरी येऊन शिकवण्याची तरतूदही आहे. खासगी विशेष शिक्षक लावणार असाल तर त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला संकोचू नका.

शेवटी शाळेकडून मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा मागा. सगळे त्याला आयईपीच म्हणतात. तो बनवताना विशेष शिक्षकांसोबत तुम्हीही बसा. शाळेच्या एका सत्राला दोन-तीन उद्दिष्टं पुरतात, पण ती डोळ्यांना दिसतील अशी हवीत. आमच्या पहिल्या कागदावर "संवादकौशल्य सुधारेल" असं होतं. सुधारलं हे ओळखायचं कशावरून? बाईंनी ते खोडून लिहिलं : "तहान लागली की पाण्याचं चित्र दाखवून मागेल." घरीही तेच चित्र फ्रिजवर चिकटवलं. वहीत त्या ओळीपुढे आता ९ सप्टेंबर अशी तारीख आहे.