पाहुण्यांच्या गाडीचं कुत्र्यानं नुकसान केलं? मालकांनो, या चुका टाळा

पाहुणे निघायच्या तयारीत होते. गाडीजवळ गेलो, तर पुढच्या डाव्या चाकाच्या वर चार समांतर ओरखडे. चाकामागच्या प्लास्टिकचा एक कोपरा लोंबत होता, खाली काळे तुकडे पडले होते. मोबाईलचा टॉर्च लावला, तर ओरखड्यांवरची लाळ अजून ओली होती. आमचा कुत्रा टिपू दोन हात अंतरावर बसून शेपटी हलवत होता. एवढं सगळं समोर असूनही माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं? "हे आधीचेच असतील बघा."

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. नुकसान भरून देता येतं, पण ज्याला आपणच घरी बोलावलं, त्याला खोटं पाडलं तर ते सहज भरून येत नाही. म्हणून कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला या चुका आधीच सांगाव्याशा वाटतात.

"आमचा असं करणारच नाही"

आपला कुत्रा आपल्यासमोर जसा वागतो, तसाच आपल्यामागे वागेल असं धरून चालू नका. आधी बघा, मग बोला. कुत्र्याच्या नखांचे ओरखडे बहुतेक वेळा दोन ते चार समांतर रेघांचे असतात, वरून खाली आलेले, आणि कुत्रा मागच्या पायांवर उभा राहिला तर त्याचे पंजे पोहोचतील त्याच उंचीवर. चावल्याच्या खुणा कडांवर सापडतात: बंपरची खालची कड, मडफ्लॅप, चाकामागचं प्लास्टिकचं अस्तर, नंबरप्लेट, दुचाकीचं सीट. त्याच्याबरोबर बहुधा लाळ आणि केसही असतात. बॉनेटच्या आत वायरींवर बारीक, जोडीनं कुरतडल्यासारख्या खुणा आणि लेंड्या दिसल्या, तर ते काम उंदराचं. एकच लांब, सरळ, आडवी रेघ असेल तर ती बहुधा कशाला तरी घासून पडलेली.

ही तपासणी सुटका करून घेण्यासाठी करू नका. जे आपलं आहे ते निःशंकपणे मान्य करता यावं आणि जे आपलं नाही त्यावरून नंतर कटुता येऊ नये, एवढ्यासाठीच ती आहे. पाहुण्यांसमोर, त्यांच्या संमतीनं, गाडीच्या चारही बाजूंचे फोटो काढा. एक लांबून, एक जवळून, आणि माप कळावं म्हणून शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून एक. घरी कॅमेरा असेल तर रेकॉर्डिंग त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. बहुतेक कॅमेरे जुन्यावर नवं लिहितात, चार दिवसांनी बघू म्हटलं तर काहीच हाती लागत नाही.

लगेच फडकं घेऊन पुसायला धावणं

हेतू चांगला असतो, पण परिणाम वाईट होतो. धूळ बसलेल्या पत्र्यावर कोरडं फडकं फिरवलं की त्या धुळीचेच बारीक गोल चरे उठतात. कुणी टूथपेस्ट सुचवतं, कुणी घरातलं पॉलिश आणतं. पत्र्यावरच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतात आणि त्यातला वरचा पारदर्शक थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तो घासून उडवला तर किरकोळ ओरखड्यासाठी अख्खा पॅनल रंगवायची वेळ येते.

ओरखड्यावरून आडवं नख हळूच फिरवून बघा. अडकलं नाही तर चरा बहुधा वरच्या थरातच आहे आणि जाणकाराच्या हातून पॉलिशनं जाऊ शकतो. नख अडकलं तर खालपर्यंत गेलाय. धातू दिसत असेल तर गंज धरण्याआधी काम करून घ्यायला हवं. यापुढे हात लावायचा तो गाडीच्या मालकाला विचारूनच. गाडी त्यांची आहे.

"जाऊ दे, चालतेय ना" म्हणून गाडी रस्त्यावर सोडणं

सगळ्यात धोक्याची चूक ही. रंगाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, चाकाकडे कुणी बघत नाही. चाकाजवळच एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरची वायर आणि ब्रेकची रबरी नळी असते. टायरची बाजूची भिंत नक्षीच्या भागापेक्षा पातळ असते, तिथे खोल चावा बसला तर पंक्चरसारखं ठिगळ लावून भागत नाही, टायर बदलावाच लागतो. लोंबणारं अस्तर वेगात टायरला घासतं. अनेक दुचाकींना तर ब्रेकची केबल आणि पेट्रोलची नळी उघड्यावरच असते.

म्हणून पाहुण्यांना निघू देण्याआधी गाडीखाली बघा. जमिनीवर ताजा ओलसर डाग आहे का? गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवर एखादा नवा दिवा पेटलाय का? ब्रेक दाबल्यावर पेडल नेहमीपेक्षा खोल जातंय का? यातलं एकही असेल तर गाडी उभीच ठेवा आणि पाहुण्यांच्या घरी जाण्याची सोय आपण करा. ही सोय मालकाच्या जबाबदारीतच येते.

इथेच कुत्र्याकडेही बघा. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर असतं आणि कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करतं, थोडंसं पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. कुत्र्यानं ते चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता त्याला पशुवैद्याकडे न्या. वायरीचे किंवा प्लास्टिकचे तुकडे गिळलेत असं वाटलं तरी तेच.

"सांगा किती झाले, देतो" म्हणायचं आणि मग गप्प बसायचं

भांडणं बहुतेक वेळा या टप्प्यावर होतात. तोंडी, मोघम कबुली दोन्हीकडून त्रास देते. पाहुणे संकोचानं "राहू द्या हो" म्हणतात आणि आपण ते खरं धरतो. त्या "राहू द्या"वर विसंबू नका. त्यांचा विश्वास असलेल्या गॅरेजकडून लेखी अंदाजपत्रक मागवा, त्यात आधीचं नुकसान आणि आत्ताचं वेगळं दाखवायला सांगा, तारीख ठरवा आणि जमल्यास पैसे थेट गॅरेजला द्या. गाडी कामाला लागेल तेवढ्या दिवसांचा त्यांचा प्रवासखर्चही आपणहून विचारा.

एक तांत्रिक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. हल्लीच्या अनेक गाड्यांच्या बंपरमध्ये पार्किंग सेन्सर असतात, काहींमध्ये रडारही. त्यावर रंगाचे जाड थर चढवले तर ते नीट काम करत नाहीत. स्वस्तात रंगवून देण्याचा आग्रह धरू नका, गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या पद्धतीनंच काम होऊ द्या.

आता विमा. पाहुण्यांच्या गाडीला सर्वसमावेशक विमा असेल तर दुरुस्ती त्यातून होऊ शकते, पण "तुमचा विमा आहेच की" हे वाक्य आपण उच्चारायचं नाही. दावा केला की ठरलेला वाटा त्यांच्या खिशातून जातो, दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत बुडू शकते, आणि त्यांची विमा कंपनी नंतर तोच खर्च आपल्याकडे मागू शकते. आपल्याकडे घराचा किंवा पाळीव प्राण्याचा असा विमा असेल ज्यात तिऱ्हाइताचं नुकसान धरलेलं आहे, तर पहिला फोन तिकडे करा. अशा पॉलिसींमध्ये पुष्कळदा अट असते की कंपनीला न विचारता जबाबदारी लेखी मान्य करायची नाही किंवा रक्कम कबूल करायची नाही. म्हणून काय करावं? माफी मागायला पॉलिसी सहसा अडवत नाही. "माझ्या कुत्र्यामुळे तुम्हाला त्रास झाला, मला फार वाईट वाटतंय, विमा कंपनीशी आजच बोलून उद्या तुम्हाला कळवतो," एवढं म्हणावं. आणि दुसऱ्या दिवशी खरंच कळवावं.

"गाडी तिथे लावायचीच कशाला?"

"कुत्र्यापासून सावध राहा" ही पाटी लावली की आपण मोकळे झालो, असं अनेकांना वाटतं. पाटीमुळे येणारा माणूस स्वतःला जपेल, पण गाडी कशी जपेल? शिवाय कुत्र्याबद्दल आपल्याला आधीपासून माहीत होतं, हे त्याच पाटीवरून दाखवता येतं.

पाळलेल्या जनावरानं नुकसान केलं तर मालकानं भरायचं, हा विचार फार जुना आहे. रोमन कायद्यात, इसवीसनपूर्व पाचव्या शतकातल्या 'बारा पाट्या' या लिखित कायद्यापासून, मालकापुढे दोनच वाटा होत्या: नुकसान भरून द्या, नाहीतर जनावरच देऊन टाका. फ्रान्सच्या 1804 च्या नागरी संहितेनं प्राणी ताब्यात असो की सुटलेला, जबाबदारी मालकावर किंवा तो त्या वेळी वापरणाऱ्यावर टाकली. 1900 पासून लागू असलेल्या जर्मन संहितेत हौसेनं पाळलेल्या प्राण्याच्या मालकाला, त्याची चूक नसली तरी, नुकसान भरावं लागतं. इंग्लंड-वेल्समध्ये 1971 च्या प्राणीविषयक कायद्यात, प्राण्याची ती खोड सांभाळणाऱ्याला ठाऊक होती का, या प्रश्नाला वजन आहे. आपण राहतो तिथला नेमका नियम वकिलाला विचारावा. पण हा 'ठाऊक होतं का' मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्यांदा झालं तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा होतं तेव्हा त्याला अपघात म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्याकडे दुसऱ्यांदा झालं.

मागाहून कुत्र्याला रागावणं

पहिल्या वेळी मी टिपूला गाडीजवळ ओढत नेऊन ओरडलो होतो. त्यानं कान पाडले, नजर चुकवली, आणि मला वाटलं, चूक कळली त्याला. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेनं 2009 मध्ये 14 पाळीव कुत्र्यांवर केलेला प्रयोग नंतर वाचनात आला. ज्याला आपण अपराधी चेहरा म्हणतो, तो कुत्र्यानं गुन्हा केलाय की नाही यावर ठरत नाही, मालकाच्या रागावण्यामुळे तो दिसतो. मी टिपूला इतकंच शिकवलं की गाडीजवळ गेलं की मालक चिडतो.

कारण शोधायचं राहूनच गेलं होतं. दुसऱ्या वेळी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून पाहिलं. पाहुणे आत गेल्यावर दहाएक मिनिटांनी एक मांजर भिंतीवरून उतरलं आणि गाडीखालून वर, इंजिनाच्या उबेला जाऊन बसलं. टिपूनं वास घेतला, चाकाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि चाकाच्या वरचा पत्रा खरवडायला लागला. दोन्ही वेळा तेच चाक. आमच्या स्वतःच्या दिवसभर उभ्या गाडीला त्यानं कधी नख लावलं नव्हतं, कारण ती थंड असायची.

प्रत्येक घरी कारण निराळं निघेल. बाहेरून आलेल्या टायरवर दुसऱ्या कुत्र्यांच्या लघवीचा वास असतो, काही कुत्रे त्यावरच तुटून पडतात. चकचकीत दारात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की काही भुंकत पंजे मारतात. पिल्लांचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के दात साधारण तिसऱ्या ते सातव्या महिन्यात येतात, त्या काळात जे सापडेल ते चावलं जातं. आणि पाहुणे आले की अंगणात बांधलेल्या कुत्र्याला आतले आवाज ऐकू येतात, पण जाता येत नाही. ती सगळी तगमग जवळच्या वस्तूवर निघते.

अर्धवट उपाय

"बांधलाय ना" यावर थांबू नका. कुत्र्याची पोच साखळीच्या लांबीइतकीच नसते, तिच्यात त्याचं पूर्ण अंग आणि पुढे ताणलेले पंजेही धरावे लागतात. साखळी ताणून, टोकाला कुत्र्याला उभं करून ते अंतर एकदा प्रत्यक्ष मोजा आणि त्याच्या पलीकडे गाडीची जागा आखा. गाडीवर कव्हर घालून तर काम वाढतं. वाऱ्यानं फडफडणारी त्याची कड चावायला आमंत्रणच देते आणि त्याखालची धूळ रंगाला घासते. कडू फवारे काही कुत्र्यांवर चालतात, काहींवर मुळीच नाही, आणि ते दुसऱ्याच्या रंगावर मारणं मला योग्य वाटत नाही.

आमच्याकडे जे टिकलं ते साधं आहे. पाहुणे फाटकाशी येण्याआधीच टिपू आत, दार लावलेल्या खोलीत जातो. त्याच्या अंथरुणावर चघळायचं खेळणं असतं, आणि सगळे बसले की पट्टा लावून त्याला बैठकीत आणतो. बाहेर एकटं कधीच सोडत नाही. गाडी लावायच्या जागेला कमरेएवढी जाळी केली आहे. पाहुणे निघताना मी त्यांच्याबरोबर गाडीभोवती एक फेरी मारतो आणि गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारतो, मांजर आत असेल तर उतरून जाईल म्हणून.