कपाशीत दर आठवड्याला काय बघायचं, कसं मोजायचं

धुऱ्यावर उभं राहून पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हिरवीगार दिसते म्हणून आपण घरी येतो, ही सवय आधी सोडा. बांधावरून फक्त उंची दिसते, कीड पानाच्या खाली असते आणि गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत.

पेरणीनंतर 15-20 दिवसांपासून आठवड्याचा एक वार ठरवा, सकाळी उन्हं चढायच्या आत जा, सोबत वही-पेन घ्या. एकरात तिरपं चालत 20 झाडं निवडा, कडेचे तास (ओळी) सोडून. प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं एकेक पान हळूच उलटायचं. झटका दिला की पांढरी माशी उडून जाते. तुडतुडे तिरके पळतात, ओळखायला सोपे. मावा असला की पान चिकट लागतं, आणि फुलकिड्यांनी खरवडलेल्या जागी पानाखाली चंदेरी चमक येते.

60 पानं झाली की एकेका किडीची बेरीज करून 60 ने भागा. समजा तुडतुडे 96 निघाले, म्हणजे पानाला 1.6. तुडतुड्यांवर औषध मारायची पातळी पानाला 2 ते 3 आहे, म्हणून थांबायचं, फार तर 5 टक्के निंबोळी अर्क मारायचा. मावा किंवा फुलकिडे पानाला 10 पर्यंत गेले, पांढरी माशी 8-10 झाली की औषधाचा विचार करा. मोजतानाच ढालकिडे, क्रायसोपा या मित्रकिडीची अंडी, जाळं विणणारे कोळी किती दिसतात तेही लिहा, कारण किडी खाणारे हे फुकटचे मजूर आहेत आणि सुरुवातीलाच जहाल औषध मारलं की पहिले तेच मरतात, मग पांढरी माशी आवरत नाही. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपण काढायचा, हे तर अजिबात नको. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कित्येक शेतकरी, मजूर गेले, ते आपण विसरायला नको. वाऱ्याकडे तोंड करून, उघड्या अंगाने फवारू नका, मजुरालाही फवारू देऊ नका.

त्याच 20 झाडांवर वाढही बघून घ्या: उंची, फळफांद्या, पाते (फुलाच्या कळ्या), फुलं, बोंडं. साधारण 40-45 दिवसांत पाते लागायला लागतात. खाली पडलेली पाते उचलून बघाच. छिद्र असेल तर अळीचं काम, आणि पातं साफ असेल तर बहुतेक ढगाळ वातावरण, पाणी साचणं किंवा पाण्याचा ताण, तिथे कीटकनाशकाचा काहीच उपयोग नाही.

45 दिवसांनी एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा, झाडाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर, झाड वाढेल तसा सापळाही वर घ्या. ल्युअर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, गुलाबी बोंडअळीचाच आहे ना ते पाकिटावर वाचा, तंबाखूच्या हाताने धरू नका, आणि साधारण 3-4 आठवड्यांनी बदला. रोज सकाळी पतंग मोजून लिहायचे. सलग 3 रात्री एका सापळ्यात रोज 8 किंवा जास्त आले तर इशारा समजा.

फुलं लागल्यावर डोमकळी शोधा. पाकळ्या न उघडता गुलाबाच्या कळीसारखं गुंडाळलेलं फूल दिसलं की तोडून उघडा, आत अळी सापडते. डोमकळ्या गोळा करून नष्ट करायच्या, शेतात टाकून द्यायच्या नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं हेच आपण टाळतो कारण चांगलं बोंड तोडायला जीव होत नाही. दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं तोडा आणि फोडा. लहान अळी आत शिरली की तिचं छिद्र बुजून जातं, बाहेरून बोंड टवटवीत, आणि आत सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली, बोंडाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला गोल भोक. लहान अळी पांढरट असते, डोकं काळपट, गुलाबी रंग नंतर येतो, म्हणून गुलाबी नाही दिसली तरी नीट बघा. 20 पैकी 1-2 बोंडं किडकी निघाली म्हणजे 5 ते 10 टक्के झाले, मग लगेच कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे औषध घ्या, एका वेळी एकच, दुकानदाराने दिलेली तीन औषधं एका पंपात कालवू नका.

बीटी (बोंडअळीला रोखायला तयार केलेलं) बियाणं आहे म्हणून हे सोडू नका, त्यातल्या बीजी-2 वाणांना ही अळी आता दाद देत नाही. आणि डिसेंबरात शेवटची वेचणी झाली की फरदड ठेवायची नाही, म्हणजे आणखी कापसासाठी पीक पुढे उभं ठेवायचं नाही, पऱ्हाट्या (वाळलेली झाडं) काढून धुऱ्यावर रचून न ठेवता कुटी (बारीक तुकडे) करून घ्या, उरलेल्या किडक्या बोंडांतच पुढच्या हंगामाची अळी झोपलेली असते.