वेबसाइट लॅपटॉपवर नाही, लोकलमध्ये उघडून बघा

तुमच्या दुकानाची वेबसाइट बनवणारा ती ऑफिसच्या वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर दाखवतो. गिऱ्हाईक मात्र ती लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून उघडतं. म्हणून बनवणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी ती मोबाइल डेटावर, फक्त अंगठ्याने चालवून बघा. गूगलही शोधासाठी आता मोबाइलवरचीच आवृत्ती तपासतं.

बहुतेक वेळा घोळ फोटोंचा असतो. कॅमेऱ्यातला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो, आणि पान उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या दुकानात पोचलेला असतो. रुंदी १२०० पिक्सेलच्या आत आणा, वेबपी (WebP) या वेबसाठीच्या हलक्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. साधारण २०० केबीत काम भागतं.

फोन नंबर बॅनरच्या चित्रात छापू नका, बोट लावताच डायल व्हायला हवा. पत्त्याला मॅपची लिंक द्या आणि स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला, हे लिहाच. मुंबईत त्यावाचून पत्ता अर्धाच.

चौकशीच्या फॉर्ममधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली, तर रकान्यात बोट ठेवताच आयफोन पान मोठं करतो आणि ‘पाठवा’चं बटण स्क्रीनबाहेर जाऊ शकतं. पानावर मध्येच उघडणारे पॉपअप? काढूनच टाका.