‘धोका २० टक्क्यांनी घटला’: नव्या औषधाची बातमी कशी तपासावी

एखाद्या औषधामुळे धोका २० टक्क्यांनी घटला असे बातमीत वाचले, की तो मुळात किती होता हे आधी शोधावे. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाचेच उदाहरण घेऊ. मधुमेहासाठी आलेले आणि पुढे वजन उतरवण्यासाठी गाजलेले हे औषध हृदयालाही उपयोगी पडते, हे ‘सिलेक्ट’ नावाच्या चाचणीने दाखवले. तिचे निष्कर्ष नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बातम्यांत सर्वत्र हाच २० टक्क्यांचा आकडा झळकला. तो खोटा नव्हता, अपुरा होता.

पबमेड या संकेतस्थळावर औषधाचे आणि चाचणीचे नाव इंग्रजीत टाकल्यास मूळ शोधनिबंधाचा सारांश विनामूल्य वाचता येतो. त्यात प्रथम चाचणी कोणावर झाली ते पाहावे, कारण उंदरांवरचा प्रयोग असेल तर पुढची आकडेमोड करण्याचे कारणच उरत नाही. सिलेक्टमध्ये ४१ देशांतील १७,६०४ माणसे होती. सर्वांचे वय ४५ किंवा त्याहून अधिक, बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या तुलनेत वजन किती ते सांगणारा आकडा) किमान २७, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार आधीपासूनच जडलेला आणि मधुमेह मात्र कोणालाही नाही. साहजिकच, हृदयाची कोणतीही तक्रार नसलेल्या, केवळ वजन वाढलेल्या व्यक्तीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. सहभागींपैकी सुमारे ७२ टक्के पुरुष होते, हेही ध्यानात ठेवावे.

आता कागद-पेन्सिल घ्यावी. औषध मिळालेल्या ८,८०३ जणांपैकी ५६९ जणांना हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आला अथवा हृदयविकाराने मृत्यू ओढवला. औषधासारखेच दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्या ८,८०१ जणांत ही संख्या ७०१ होती. टक्केवारी काढली तर अनुक्रमे ६.५ आणि ८.० येते. आठावरून साडेसहावर येणे म्हणजे सुमारे एक पंचमांश घट, आणि मथळ्यातले २० टक्के ते हेच. पण शंभर रुग्णांच्या हिशेबाने पाहिले तर फरक दीड माणसाचा आहे, म्हणजेच एक आघात (वरील तीनपैकी कोणताही) टाळण्यासाठी सुमारे ६७ जणांना सरासरी तीन वर्षे दर आठवड्याला इंजेक्शन द्यावे लागेल. आधीच हृदयविकार असलेल्यांच्या दृष्टीने हा लाभ क्षुल्लक नाही, असे माझे मत आहे. मात्र खर्च आणि त्रास यांच्याशी तोलण्याजोगा आकडा हा आहे, मथळ्यातला नव्हे.

यानंतर ‘आघात’ या शब्दाखाली काय काय एकत्र केले आहे ते सुटे करून पाहावे. केवळ हृदयविकाराने झालेले मृत्यू मोजले तर दोन्ही गटांतील प्रमाण २.५ आणि ३.० टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगानेही पडलेला असू शकतो. ‘औषधाने हृदयविकाराचे मृत्यू टळतात’ असे विधान या चाचणीच्या आधारे कोणी केले, तर ते पुराव्याच्या पुढे जाणारे ठरते.

दुष्परिणामांची ओळ बातमीत बहुधा शेवटी येते किंवा येतच नाही. येथे औषध घेणाऱ्यांपैकी १६.६ टक्के लोकांनी, मुख्यतः पोटाच्या तक्रारींमुळे, ते कायमचे सोडले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ८.२ टक्के होते. खर्च कोणी केला हेही तेथेच दिलेले असते: सिलेक्टचा खर्च औषधाची उत्पादक कंपनी नोवो नॉर्डिस्क हिने उचलला होता. एवढ्यावरून निष्कर्ष फेटाळू नयेत, परंतु जे मोजायचे म्हणून आधी जाहीर केले होते तेच शेवटी मांडले आहे का, हे चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत पडताळावे. भारतात होणाऱ्या चाचण्यांसाठी अशी नोंदवही सीटीआरआय या नावाने उपलब्ध असून ती कोणालाही पाहता येते.