एआय एजंटसाठी कॅडचं टिपण: व्यास की त्रिज्या, आधी लिहा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) ड्रॉइंगवर बोअरचा, म्हणजे गोल भोकाचा, व्यास दिलेला असतो. फ्रीकॅड या कॅड (संगणकावर ड्रॉइंग करायच्या) सॉफ्टवेअरची सिलिंडर काढणारी पायथन आज्ञा मात्र त्रिज्या मागते. आपला ड्राफ्ट्समन हे सवयीने सांभाळतो. हेच काम दिलेला एआय एजंट व्यासालाच त्रिज्या समजून ४० चा बोअर ८० चा करून ठेवू शकतो. म्हणून एजंटला द्यायच्या टिपणात प्रत्येक आकड्यापुढे अर्थ आणि एकक लिहाच: ‘त्रिज्या, मिलिमीटर, ड्रॉइंगमधला व्यास निम्मा करून द्या.’

सोबत एक चालणारं उदाहरण आणि त्याचं उत्तर द्या, मला तरी हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: त्रिज्या २०, उंची १०, घनफळ सुमारे १२,५६६ घन मिलिमीटर. एजंटला आपलं काम त्यावर ताडून पाहता येतं. एसटीएल (त्रिमितीय आकार साठवणाऱ्या) फाइलमध्ये एकक नोंदलेलं नसतं, तेही सांगा. आणि कारखान्यात कन्नड-मराठी दोन्ही चालत असेल, तर प्रत्येक भागाचं नाव एकच ठरवा.