आधी खजिनदार, मग स्ट्रासबर्ग

गेल्या वेळी स्ट्रासबर्गच्या युरोपीय युवाकार्य बैठकीहून परतून गाडीतून उतरले तेव्हा माझ्या काखेत फ्लिपचार्टची जाडजूड गुंडाळी होती. पाच देशांतल्या युवाकार्यकर्त्यांनी तीन दिवस घासून लिहिलेल्या बारा शिफारशी. आठवड्याभरानं त्या टाइप करून आमच्या जर्मन शहराच्या खजिनदारांपुढे जाऊन बसले. इथे त्यांना 'केमरर' म्हणतात. त्यांनी दोन पानं उलटली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे मला जूनमध्ये का नाही सांगितलंत?" दोन वर्षांचं जोड-अंदाजपत्रक तोवर आकड्यांसकट तयार झालं होतं. ती गुंडाळी अजून आमच्या युवाकेंद्रात टेबल-टेनिसच्या टेबलाखाली धूळ खात पडली आहे. यंदा पुन्हा जायचंय, म्हणून ही यादी. कोणा दुसऱ्याला उपयोगी पडली तर उत्तमच.

पहिलं काम, तिकिटांच्याही आधी: खजिनदारांची वेळ घ्या. युवाविभागाच्या प्रमुखांची नव्हे, त्या आपल्याच बाजूच्या असतात. ज्यांच्या हातात पैसा आहे त्यांची. कारण सांगते. युरोपीय संघाच्या करारातलं कलम १६५ संघाला तरुणांची देवाणघेवाण वाढवायला सांगतं, पण सदस्यदेशांचे कायदे एकसारखे करायला त्याच कलमात मनाई आहे. कौन्सिल ऑफ युरोपनं (ही युरोपीय देशांची वेगळी संघटना, युरोपीय संघ नव्हे) ३१ मे २०१७ ला युवाकार्यावर शिफारस केली, तीही शिफारसच, बंधन नाही. म्हणजे तिथे ठरलेलं सगळं घरी आल्यावर कुणीतरी आपल्या खिशातून खरं करायचं असतं. तो खिसा खजिनदारांचा. जर्मनीत युवाकार्याला कायद्याचा आधारही आहे: युवाकल्याणाच्या पैशातला 'योग्य वाटा' युवाकार्याला द्या, असं समाजसंहितेच्या आठव्या भागात लिहिलंय. योग्य म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही. ते दर अंदाजपत्रकाला भांडून ठरतं, आणि भांडण उन्हाळ्यात असतं. डिसेंबरात नगरपरिषदेत नुसती मतं पडतात.

आता शब्द. 'युवाकार्य' म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे पक्षाची युवा आघाडी येते, फ्लेक्सवरचे भावी नगरसेवक येतात. इथे अर्थ वेगळा: शाळेबाहेर, स्वखुशीनं येणाऱ्या मुलांबरोबरचं काम. संध्याकाळचं युवाकेंद्र, रस्त्यावर जाऊन मुलांशी बोलणं, शिबिरं. पण फ्रेंच माणूस त्याला सामाजिक-शैक्षणिक 'अ‍ॅनिमेशन' (कार्टून नव्हे) म्हणतो आणि जर्मन माणसाच्या डोक्यात नगरपालिकेचं खातं असतं. पहिला अर्धा दिवस यावरच जातो. जाऊ द्या. तो वाचवायला गेलात तर तिसऱ्या दिवशी दुप्पट जातो.

दोन कौन्सिलं एक समजू नका. स्ट्रासबर्गची कौन्सिल ऑफ युरोप १९४९ ची, आज ४६ देशांची. युरोपीय संघ २७ देशांचा, आणि त्याच्या मंत्र्यांची कौन्सिल निराळीच. झेंडा मात्र एकच, निळ्यावर बारा तारे, म्हणून घोळ होतो. २०१७ ची शिफारस पहिलीची; युरोपीय युवाकार्य कार्यक्रमाचा डिसेंबर २०२० चा ठराव दुसरीचा; आणि तो कार्यक्रम गावोगाव पोचवायची जी 'बॉन प्रक्रिया', ती दोघांची मिळून. कागदावर याची अदलाबदल झाली की समोरचा पुढचं पान उलटत नाही. आधीच्या युरोपीय युवाकार्य अधिवेशनांची घोषणापत्रंही चाळून जा: गेंट २०१०, ब्रसेल्स २०१५, बॉन २०२० (करोनामुळे पडद्यावरच), माल्टा २०२५. चारही वाचलीत तर लक्षात येईल की तुमच्या बारांपैकी बऱ्याच शिफारशी आधीच लिहून झाल्यात. आमच्यातल्या कुठल्या, ते आम्हाला तिथे गेल्यावर कळलं.

सोबत कोण? एक कार्यकर्ता, दोन तरुण, नगरपरिषदेच्या युवासमितीतलं एक माणूस. आणि खजिनदारांच्या कचेरीतलं कोणीतरी. ते नाही म्हणतील. पुन्हा विचारा. एक दिवस तरी या म्हणा, स्ट्रासबर्ग काही लांब नाही. आमच्याकडून गेल्या वेळी सगळे एकमेकांशी सहमत असलेलेच गेले होते, म्हणून तर तीन दिवस इतके गोड गेले! तरुणांना शोभेला नेऊ नका. कौन्सिल ऑफ युरोपच्या युवाखात्यात सरकारी अधिकारी आणि युवासंघटनांचे प्रतिनिधी एकाच टेबलाशी समान अधिकारानं निर्णय घेतात, त्यामुळे शोभेची मुलं तिथल्या लोकांना पहिल्या चहालाच ओळखू येतात.

त्या मुलांचे कागद नीट बघा. निवासपरवाना असला तरी वैध पासपोर्ट लागतोच. आश्रयाचा अर्ज ज्याचा अजून लटकलाय त्याला सहसा देशाबाहेर पाय टाकता येत नाही. हे निवड करण्याआधी बघा. निवड झाल्यावर एका सतरा वर्षांच्या मुलाला "तू नाही येऊ शकत" हे मला सांगावं लागलंय. त्यानं शांतपणे मान हलवली आणि जाऊन कॅरमच्या सोंगट्या लावायला लागला. (हो, कॅरम. बोर्ड मी पुण्याहून आणलाय.) अठराखालच्यांना पालकांची लेखी संमती, विम्याचं कार्ड. बाकी सामान तुम्हाला कळतंच.

पैशाचा अर्ज इरॅस्मस प्लसमधून (शिक्षण आणि तरुणांसाठीची युरोपीय संघाची अनुदान योजना) करणार असाल तर मुदत ब्रसेल्सच्या घड्याळानं दुपारी बाराला संपते. रात्री बाराला नाही. आणि अर्जात 'स्थानिक परिणाम' हा रकाना येईल, तिथे गोड वाक्यं लिहू नका. खजिनदारांना भेटल्याची तारीख लिहा. भेटला नसाल तर अर्ज बाजूला ठेवा, फोन उचला.

बैठकीत: कमी बोला, पोर्तुगीजांना विचारा, फिनिश लोकांना जास्त विचारा, त्यांच्याकडे युवाकार्याचा स्वतंत्र कायदा आहे. बारा शिफारशी नकोत, दोन पुरे. प्रत्येकीपुढे रक्कम आणि कोण करणार त्याचं नाव. नाव मिळत नसेल तर ती शिफारस तिथेच खोडा, घरी आणू नका. फोटो कोणीतरी काढतंच.

आल्यावर: पावत्या, आभाराच्या मेल, अहवाल. यूथपासची (मुलं अशा उपक्रमात काय शिकली त्याची नोंद) प्रमाणपत्रं मुलांशेजारी बसून भरा, त्यांच्या नावानं आपणच भरू नका. आणि पहिल्या सोमवारी खजिनदारांकडे दोन पानं. इंग्रजीत नाही, जर्मनमध्ये. वरच्या ओळीत युरोंचा आकडा, त्याखाली अंदाजपत्रकातला लेखाशीर्ष क्रमांक. तो क्रमांक मला दोन वर्षं माहीत नव्हता, आता फ्रिजवर चिकटवलाय.